भरल्या हातांनी

बेल वाजली की भिंतीवरचा छोटा पडदा उजळायचा आणि बाहेर उभा असलेला माणूस त्यात दिसायचा. भिंगामुळे त्याचं नाक मोठं दिसायचं आणि कान लांब गेलेले. जपानी घरांत दार उघडण्याआधी माणूस असा पडद्यावर वाचून घेतात. त्या दिवशी पडद्यात दोन पांढरे शर्ट होते, दोन टाय, छातीवर दोन काळ्या पाट्या आणि चार ओले खांदे. त्यांतला एक इतका उंच होता, की त्याचं डोकं चौकटीबाहेरच राहिलं होतं.

कानाझावा हे जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं पावसाचं गाव. डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका, अशी तिथली म्हणच आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे २०१७ च्या उन्हाळ्यात आम्ही तिथे गेलो आणि पुढे तीन वर्षं राहिलो. त्याआधी पुण्यात मी बरीच वर्षं जपानी शिकवत होते, त्यामुळे 'नको' म्हणायचे तिथले नाना प्रकार मला ठाऊक होते. त्यांतला सगळ्यात चलनी शब्द 'केक्को देसु'. शब्दाला धरून अर्थ 'छान आहे'. म्हणजे माझं आहे ते छान चाललंय, तुमचं काही नको. मी तेच म्हणणार होते, एवढ्यात उंच मुलाने वाकून पाठ केलेलं वाक्य सुरू केलं आणि मध्येच अडकला. शेजारच्या रुंद खांद्यांच्या मुलाने शब्द पुरवला नाही. तोंडी परीक्षेत मित्र अडखळला की आपण आपल्याच बोटांकडे बघतो, तसा तो बघत राहिला. मी दार उघडलं. देवाधर्मासाठी नव्हे. अडलेलं वाक्य पुरं करून द्यायची मास्तरकीची खोड, दुसरं काय!

उंच मुलगा अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातला, बटाट्याची शेती असलेल्या घरातला. रुंद मुलगा प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवरचा. दोघंही एकोणीस वर्षांचे. पाटीवर मात्र नावाच्या जोडीला 'एल्डर' या पदवीचा जपानी शब्द, 'चोऽरोऽ'. म्हणजे ज्येष्ठ, वडीलधारा. तिथल्या लोकांच्या डोळ्यांपुढे या शब्दाने पांढऱ्या भुवयांचा एखादा म्हातारा भिक्षू उभा राहतो. इथे हनुवटीवर तारुण्यपीटिका घेऊन उभे असलेले हे दोन वडीलधारे! मी घरात एकटी होते, त्यामुळे ते उंबऱ्याच्या आत येईनात. एकट्या बाईच्या घरात शिरायचं नाही, असा त्यांचा नियम. चपला काढायच्या त्या चिमुकल्या जागेच्या पलीकडे, पावसात, आमचं पहिलं बोलणं झालं. मी त्यांचं वाक्य दुरुस्त केलं, आणि त्यांनी त्याबद्दल इतके आभार मानले की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेला हा पंथ. आता मुख्यालय युटाहमधल्या सॉल्ट लेक सिटीत. पंथाचं खरं नाव लांबलचक आहे, त्याच्या शेवटी 'लॅटर-डे सेंट्स' येतं. २०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी 'मॉर्मन' हे टोपणनाव सोडा, पूर्ण नाव घ्या, असं सांगितलं, आणि दारावर आधीच अडखळणाऱ्या मुलांच्या पहिल्या वाक्यात आणखी काही अवघड शब्दांची भर पडली. मुलग्यांनी दोन वर्षं आणि मुलींनी दीड वर्ष घर सोडून प्रचाराला जायचं, ही त्यांची रीत. २०१२ मध्ये मुलग्यांची वयोमर्यादा एकोणिसावरून अठरावर आली, मुलींची एकविसावरून एकोणिसावर. कुठे जायचं ते आपण ठरवायचं नाही. उंच मुलाच्या भावाला ब्राझील मिळालं होतं. याच्या मनात इटली होतं. पांढरा जाड लिफाफा टपालाने आला, सगळं घर स्वयंपाकघरात जमलं, त्याने वाचलं : जपान. आई रडली. वडील न बोलता नकाशाचं पुस्तक आणायला गेले. "आणि तू?" मी विचारलं. तो म्हणाला, "मी विचार करत होतो, की मला तर मासे आवडत नाहीत."

खर्चही ज्याचा त्याने करायचा. त्या काळात अमेरिकेतल्या मुलाला महिन्याला ४०० डॉलर भरावे लागत. पृथ्वीवर कुठेही पाठवलं तरी आकडा तोच. उंच मुलाने त्यासाठी दोन उन्हाळे सिंचनाचे पाइप उचलले होते.

हळूहळू त्यांचा दिवस मला कळत गेला. साडेसहाला उठायचं. व्यायाम, न्याहारी, मग पोथीचा अभ्यास, जोडीने अभ्यास, भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमारास सायकली बाहेर. रात्री नऊपर्यंत रस्ते, दारं, बसथांबे. साडेदहाला दिवा बंद. सोमवार हा तयारीचा दिवस : कपडे धुवायचे, केस कापायचे, शंभर येनच्या दुकानातून साबण आणायचा, घरी ई-मेल लिहायची. फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला.

या वेळापत्रकात चढउतार कुठे मावतात, असं वाटेल. ते वीतभर जागेत मावतात. बसथांब्यावरच्या आजोबांनी 'वा' आणि 'गा' या दोन प्रत्ययांतला फरक दहा मिनिटं समजावून सांगितला, हा चढ. मोफत इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला तीनऐवजी चार जण आले, हा चढ. रविवारी नक्की येतो म्हणालेल्या माणसाचा अकराला पाच मिनिटं असताना निरोप आला की जमणार नाही, हा उतार. अशा आयत्या वेळच्या माघारीला जपानीत 'दोताक्यान' म्हणतात, आणि उंच मुलाच्या तोंडी तो शब्द एखाद्या जपान्याला शोभेल इतका सफाईदार बसला होता. बाकी भाषेत त्याची धडपड चालूच होती. एकदा भर सभेत त्याने मनापासून सांगितलं, की आपण सगळी गाजरं आहोत आणि देवाचं आपल्यावर प्रेम आहे. माणसाला 'निनगेन' म्हणतात, गाजराला 'निनजिन'. "कुणी हसलं नाही," तो म्हणाला. "ते जास्त वाईट होतं."

टोंगाच्या मुलाचं दुःख वेगळं होतं. त्याचे खांदे बघून प्रत्येक जण विचारायचा, "रग्बी?" जपानच्या रग्बीत टोंगाचे खेळाडू बरेच. हा मुलगा आयुष्यात कधी रग्बी खेळला नव्हता, तो गायचा. "लोक माझ्यासाठी दार उघडतात," तो म्हणाला, "पण ते दुसऱ्याच कुणासाठी तरी उघडलेलं असतं."

आणि या सगळ्यावर जोडीदार नावाचं प्रकरण. जोडीदार निवडायचा नसतो, तो नेमून येतो. न्हाणीघर सोडलं तर दिवसरात्र त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं. ठरवून केलेल्या लग्नातसुद्धा माणसाला माहेरी जाता येतं. या दोघांनी एकदा भांडी घासण्यावरून नऊ दिवस अबोला धरला होता. अबोला, पण जोडीनेच! सायकली एकामागोमाग, दाराशी उभं राहणं खांद्याला खांदा लावून, आणि वाक्यं वाटून घेतलेली : पहिलं याचं, दुसरं त्याचं. दारातल्या माणसाला पत्ताही नसायचा. मला लागला, कारण दोघांपैकी कुणीच दुसऱ्याच्या चुकीला हसेना.

त्यांच्या बोलीत एक शब्द होता, 'ट्रंकी'. ज्याचं मन आधीच ट्रंकेत जाऊन बसलंय, घरी जायच्या दिवसांवर ज्याचा डोळा आहे, तो ट्रंकी. आपल्याकडे ट्रंक हा शब्द इतका मुरलाय, की मला हा शब्द अस्सल मराठीच वाटला. सासरी नव्याने आलेल्या सुना, वसतिगृहातली पोरं, सैन्यातले जवान, सगळ्यांचं मन कधी ना कधी ट्रंकेत असतं. पण ट्रंकी असणं वेगळं आणि ट्रंक उचलून खरंच निघून जाणं वेगळं. उंच मुलाच्या तुकडीतला एक जण चार महिन्यांत परत गेला. त्याला झोप येत नव्हती, जेवण जात नव्हतं. घरी गेल्यावर गावातला प्रत्येक जण मायेने विचारायचा, "इतक्या लवकर?" त्या मायेला भिऊन तो महिनाभर बाहेरच पडला नाही. हे सांगताना उंच मुलाने पहिल्यांदा जपानी सोडून इंग्रजीत बोलायला सुरुवात केली.

आता चहाचं. त्यांच्या पंथात दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य, हिरवा चहासुद्धा. १८३३ पासूनचा हा नियम. जपानमध्ये, आणि चहा नाही! दार चुकून उघडलंच, कुणी आत बोलावलंच, तर समोर पहिली येते ती हिरव्या चहाची वाटी, आणि या मुलांना ती नम्रपणे मागे सारावी लागते. आपल्याकडे 'मी चहा घेत नाही' असं म्हणणाऱ्या पाहुण्याकडे यजमानीण ज्या नजरेने बघते, ती नजर कानाझावातही तीच असते. चहा नको म्हणजे आमचं पाणी नको, आमचं बसणं नको. मग सरबत करू का, दूध देऊ का, अशी तिची तारांबळ उडते. या मुलांना तिथे वाचवायचा तो मुगिचा, भाजलेल्या जवाचं पाणी. त्यात चहाची पत्ती नसते, म्हणून तो चालतो. उन्हाळ्यात तो प्रत्येक घरातल्या फ्रिजमध्ये असतो. "मुगिचा असेल तर चालेल," हे वाक्य उंच मुलगा बिनचूक म्हणायचा. त्या वाक्याची गंमत मला तेव्हा कळली नव्हती. दारोदार फिरताना तो ज्या असंख्य गोष्टी सांगायचा, त्यांत काहीतरी मागणारं हे एवढं एकच वाक्य होतं.

माझे बाबा वारावर जेवून शिकले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, असे सात वार, सात घरं. स्वातंत्र्याच्या आगेमागे पुण्यात अशी कितीतरी मुलं होती. बाबांना त्या सात घरांची नाडी कळली होती. कोणत्या वहिनी भात वाढताना पळी दोनदा आपटतात, कुठे दारातल्या चपला बघूनच आज आमटी पातळ असणार हे ओळखायचं, कुठे ताट आधीच मांडलेलं असतं. उंच मुलगा मला जेव्हा सांगू लागला, की बेलनंतर किती सेकंदांनी आवाज आला तर दार उघडणार नाही, कोणत्या घरात दूरचित्रवाणीचा आवाज मुद्दाम कमी होतो, तेव्हा मला बाबाच बोलताहेत असं वाटलं. दारांचं शास्त्र दोघांनीही पोटतिडकीने शिकलेलं. फरक एवढाच, की बाबा रिकामं पोट घेऊन जायचे आणि ही मुलं भरल्या हातांनी. आपल्या दारावर आजवर आला तो मागणारा : माधुकरी मागणारा बटू, वासुदेव, जोगवा मागणारी बाई. त्याला मूठभर घालून वाटेला लावता येतं आणि आपण देणारे ठरतो. पण जो द्यायलाच आलाय, आणि तेही साक्षात मोक्ष, त्याचं करायचं काय? त्याला मूठभर घेऊन वाटेला लावता येत नाही. त्याच्यापुढे आपल्यालाच रिकामं व्हावं लागतं.

माझ्या मनात अढी होती, ती याच्याही आधीची. मराठी घरात मिशनरी या शब्दाला एक जुना कापरा आवाज आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर काय गुजरलं, ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पुढे त्याही त्या वाटेने गेल्या, पण मधली वर्षं पुसली जात नाहीत. धर्म बदलणाऱ्याला नवं घर मिळतं. जुन्या घरातल्या ताटाचं काय होतं, हे प्रचारकाला दिसत नाही. हे मी त्या मुलांना एकदा बोलूनही दाखवलं. रुंद मुलगा म्हणाला, "आमच्या बेटावर माझ्या पणजोबांनी बदलला." इतकंच. तो वाद घालत नव्हता, आपलं गोत्र सांगत होता.

आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, नवरा गेलेला, मुलगा तोक्योला. त्यांच्या दारावर या मुलांची बेल दर पंधरवड्याला वाजायची आणि पडद्यामागून गोड आवाजात 'केक्को देसु' यायचं. बाग झाडून देऊ का? केक्को देसु. लाकडं आणून देऊ का? केक्को देसु. मला आधी तो आजींचा तुसडेपणा वाटला, मग कळलं की तो हिशोब आहे. कुणाचं काही फुकट घेतलं तर त्याची परतफेड करावी लागते, आणि ती थोडी सरसच करावी लागते. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे मला माझ्या आईने शिकवलं तेव्हा जपानचं नावही माझ्या कानावर नव्हतं. आजींकडे परत करायला उरलं होतं तरी काय? म्हणून त्या भांडंच घेत नव्हत्या.

२०१८ च्या फेब्रुवारीत त्या भागात जबर बर्फ पडलं. हिवाळ्यात तिथे समुद्रावर मेघ गडगडतात; त्या गडगडाटाला मासे जागे करणारी वीज म्हणतात. त्या वर्षी मासे जागे झाले आणि माणसं घरात कोंडली गेली. रस्त्यांत बसवलेल्या नळ्यांतून पाण्याच्या चिळकांड्या उडून एरवी बर्फ वितळतं, ते या वेळी पुरेना. गुडघाभर गारठलेला चिखल, त्यातून ही दोघं चालत आली, बुटांतून पाणी निथळत. टोंगाच्या मुलाने जन्मात बर्फ पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी तो रस्त्यात उभा राहून गायला होता, तिसऱ्या दिवशी त्याला टोंगा आठवत होतं. त्यांच्या सायकली आणि इमारतीचं दार गाडलं गेलं होतं, आणि फावडं नव्हतं. माझ्याकडे मागायला आली.

मी पुण्याची. माझ्याकडे केरभरणी होती. मी शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं. "त्यांच्याकडे आहे. जाऊन मागा."

"त्या नको म्हणतील," उंच मुलगा म्हणाला.

"तुम्ही द्यायला गेलात की नको म्हणतात. मागायला कधी गेला होतात?"

बेल वाजली. पडद्यामागचं 'केक्को' अर्ध्यावर आलं असावं, तेवढ्यात उंच मुलाने सांगितलं, की आम्हाला फावडं हवंय, आमचं दार उघडत नाही. जरा वेळ शांतता. मग कडी निघाल्याचा आवाज आला. आजी फावडं घेऊन बाहेर आल्या, दिलं, आणि तिथेच उभ्या राहिल्या. घराबाहेरचं थोडं बर्फ या मुलांनी सरावासाठी उचलून बघितलं. टोंगाच्या मुलाने मोठ्या जोमाने उचलून ते रस्त्याच्या मधोमध फेकलं. आजींना ते बघवेना. त्यांनी गमबूट चढवले, येऊन फावडं हातातून काढून घेतलं आणि धडा सुरू केला : गुडघे वाकवा, कंबर नको, आधी कडा कापा, बर्फ गटाराच्या बाजूला. ऐंशी पार केलेली ती बाई दोन वडीलधाऱ्यांवर चक्क ओरडत होती, आणि मी खिडकीतून तिचे लाल झालेले गाल बघत होते. इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलं फावडं परत करायला आली. येताना त्यांनी आजींच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी केली. भांडं रिकामं देऊ नये, हे त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे! आजींनी त्यांना हातभर लांब मुळा दिला. मुळ्याचं काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून पुन्हा विचारायला यावं लागलं.

त्यातूनच एका रविवारी आजींनी त्या दोघांना बोलावलं आणि सोबतीला आम्हा नवरा-बायकोलाही. गरम मुगिचा ठेवला. खोलीच्या कोपऱ्यात नवऱ्याची तसबीर असलेला पूर्वजांचा देव्हारा होता, समोर वाटीत भात. आजींनी थेट प्रश्न केला : "मी तुमच्या देवाकडे आले, तर यांना भात कोण ठेवणार?"

या प्रश्नाचं तयार उत्तर त्या मुलांकडे होतं, हे मला माहीत होतं. त्यांचा पंथ वंशावळींना फार मानतो. मेलेल्या पूर्वजांसाठीही त्यांच्याकडे विधी आहेत. मी उंच मुलाकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग विचारलं, "त्यांना काय आवडायचं?"

आजी तासभर बोलत होत्या. समुद्रातला कोणता मासा कोणत्या महिन्यात, त्याला मीठ किती, आणि नवरा कसा काटे न काढता खायचा. मासे न आवडणारा तो मुलगा मान डोलावत ऐकत होता. धर्माचं नाव त्या दुपारी पुन्हा निघालं नाही.

त्या रात्री मला वाटलं, गुपित सापडलं : मागायला शिका, दार उघडतं. बाबाही म्हणायचे, मागणारा लहान होत नाही, देणारा मोठा होतो. पण पुण्याच्या माणसाने हे गुपित फार दिवस सांभाळू नये. पुढे या पंथाविषयी वाचताना कळलं, की ह्यू फिन्डले नावाचा त्यांचा एक स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला होता आणि तिथून पुण्याला गेला होता. लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत प्रचाराला आडकाठी केली. मूठभर माणसं त्याच्याभोवती जमली. १८५५ पर्यंत तो परतला, आणि पुढच्या वर्षभरात हिंदुस्थानातलं त्यांचं ते सगळंच काम थांबलं. मी त्याला माझ्या ओळखीच्या पेठांतून चालताना डोळ्यांपुढे आणलं. त्याने एखाद्या वाड्याच्या दाराशी पाणी मागितलं असतं तर? वरून ओंजळीत धार धरली असती, आणि तो गेल्यावर उंबरा धुतला असता. तो तर साहेब. ज्यांना ती धारही मिळत नव्हती अशी माणसं त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यांनी काय मागितलं नव्हतं? १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर अस्पृश्य ठरवलेल्या अशाच माणसांना मागणं सोडून ओंजळच भरावी लागली. बाबांची सात दारं उघडली, कारण बाबा कोणत्या घरातले हे त्या सात घरांना आधीच ठाऊक होतं. 'मागणारा लहान होत नाही' हे वाक्य म्हणायला बाबांना परवडलं.

म्हणजे मागण्याने दार उघडतं हेही अर्धंच खरं. आजींचं दार उघडलं, कारण कित्येक वर्षांत त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. त्यांच्या हाताला काम राहिलं नव्हतं. फावडं होतं, बर्फ कसं कापायचं ते ठाऊक होतं, नवऱ्याच्या माशांच्या गोष्टी होत्या, आणि घ्यायला कुणी येत नव्हतं. जो येत होता तो स्वतःच भरलेले हात पुढे करत होता.

त्याच वाचनात आणखी एक जण भेटला. जपानमध्ये या मुलांचा पंथ १९०१ मध्ये पहिल्यांदा पोहोचला. तेव्हा आलेल्या चार प्रचारकांतला अल्मा टेलर एकोणीस वर्षांचा होता, माझ्या दारातल्या दोघांएवढाच. तो साडेआठ वर्षं राहिला आणि १९०९ मध्ये त्यांच्या पोथीचं जपानी भाषांतर छापून आलं. अनुयायी मात्र थोडेच मिळाले. १९२४ मध्ये मिशन बंद झालं, ते दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, पुन्हा उघडलं. भाषांतर करणं म्हणजे वर्षानुवर्षं लोकांना विचारत राहणं : याला तुम्ही काय म्हणता, हे बरोबर वाटतं का, हा शब्द कसा लागतो? मी मास्तरीण असल्याने असेल, पण त्याने केलेल्या प्रचारापेक्षा त्याचं हे विचारणं मला मोठं वाटतं.

एप्रिलमध्ये चेरी फुलली आणि उंच मुलाची बदली आली. सहा-सहा आठवड्यांनी तिथे बदल्यांचे फोन येतात. कधी जोडीदार हलतो, कधी आपण. आपल्याकडे शिक्षक आणि फौजदार ज्या चेहऱ्याने बदलीचा कागद वाचतात, तोच चेहरा. निघताना तो आजींच्या दाराशी गेला. आजी बाहेर आल्या, वाकल्या, त्याला खारवलेल्या माशाचं पुडकं दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. खाल्लं की नाही, ते मला ठाऊक नाही.

नवी जोडी आली. पुन्हा नवे चेहरे, तीच पाटी, तेच अडलेलं वाक्य. आजींच्या दारावर बेल वाजली आणि आतून आवाज आला, "केक्को देसु." मी खिडकीशी होते, मला हसू आवरेना. पुढच्या फेब्रुवारीत, २०१९ मध्ये, त्यांचा फोनचा नियम बदलला; आता दर आठवड्याला घरी बोलता येऊ लागलं. त्या वेळच्या जोडीतला एक जण म्हणाला, वाटलं होतं घरची ओढ कमी होईल, पण दर सोमवारी आईला कसं आहेस ते सांगायचं, म्हणजे आधी स्वतःला विचारावं लागतं.

तो हिवाळा कोरडा गेला. बर्फ फारसं पडलंच नाही. आजी एरवी फावडं आत, चपलांच्या कपाटामागे ठेवत. त्या हिवाळ्यात मात्र नोव्हेंबर संपता संपताच ते बाहेर आलं होतं. दाराच्या रस्त्याकडच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताला सहज लागेल असं, भिंतीला टेकवून. दर पंधरवड्याला बेल वाजायची, दर वेळी 'केक्को देसु' यायचं. मार्च सरेपर्यंत फावडं तिथेच उभं होतं.